मारिओची डंगरी घरीच शिवा



स्नेहसंमेलन जवळ आलं की वेशभूषा स्पर्धेची यादी माझ्या हातात येते. वासुदेव, झाशीची राणी, भाजीवाली, डॉक्टर. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने नाव दिलं, ‘मारिओ’. आम्ही शिक्षक हसलो. त्याच्या घरी तर दुहेरी चिडचिड झाली म्हणे. एक तर व्हिडिओ गेम, त्यात मुलगा शिवणयंत्रावर बसणार!

माझं मत सांगतो. गेममधल्या पात्राचा पोशाख करायचा असेल तर खुशाल करा. फक्त तो भाड्याने आणू नका, शिवा. याला ‘कॉस्प्ले’ म्हणतात. ‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’ जोडून जपानमध्ये 1980च्या दशकात हा शब्द रुजला. तिथल्या नागोया शहरात 2003पासून याचा मोठा जागतिक मेळावाही भरतो.

आता मारिओच का? 1981 साली ‘डाँकी काँग’ या गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी त्याला घडवलं. तेव्हा पडद्यावर मोजक्याच ठिपक्यांत माणूस बसवावा लागे. केस दाखवणं कठीण, म्हणून टोपी. तोंड नीट दिसेना, म्हणून मिशी. हात हललेले कळावेत म्हणून शर्टावर वेगळ्या रंगाची डंगरी. म्हणजे हा पोशाख नटण्यासाठी नाही, अडचणीतून जन्मला. आणि गंमत बघा, त्या पहिल्या गेममध्ये डंगरी लाल होती आणि शर्ट निळा. आज आपण ओळखतो तो बरोबर उलटा. तेव्हा कापड घ्यायच्या आधी कोणता मारिओ करायचा ते ठरवा.

डंगरी हा शब्दही आपल्याला परका नाही. ‘डुंगरी’ नावाचं जाडंभरडं सुती कापड आपल्याकडून परदेशी जायचं. मुंबईच्या डोंगरीवरून त्याला हे नाव पडलं, असं मानतात.

तर शिवायचं कसं? सुती कापड आधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात पोशाख आकसेल. जुनी, नीट बसणारी पँट वर्तमानपत्रावर ठेवून आकार काढा. शिलाईसाठी चहूबाजूंनी दीड सेंटीमीटर जास्त धरा. आसनाचं माप सैल ठेवा, स्टेजवर उडी मारायची आहे ना! जाड कापडाला 16 नंबरची सुई लागते, बारीक सुई मोडते. मशीन नसेल तर उलटी टीप हाताने घाला. वेळ लागतो, पण पक्की बसते.

टोपीपाशी मात्र आमच्या मुलाची गाडी अडली. टोपीला दोन तुकडे: वरचा मोठा गोल, आणि खाली तेवढाच गोल पण मधोमध डोक्यासाठी भोक. डोक्याचा घेर भरला 54 सेंटीमीटर. त्याला 2 गुणिले 3.14ने भागून त्याने त्रिज्या काढली, 8.6. अगदी बरोबर! तेवढंच भोक कापलं आणि कडेला पट्टी शिवली. टोपी घातली तर थेट नाकावर. का बरं? शिलाईत दीड सेंटीमीटर कापड आत गेलं, त्यामुळे त्रिज्या 10.1 झाली आणि घेर 63च्या वर गेला. बाहेरच्या कडेला शिलाई वाढवायची असते, पण भोकाला ती आतल्या बाजूला सोडायची, म्हणजे भोक लहानच कापायचं. वर्तुळाचा परिघ मी त्याला दोन वर्षं शिकवत होतो. तो त्याला कळला त्या संध्याकाळी, नाकावर टोपी आल्यावर. कापड संपलं होतं. मग त्याने मागे इलॅस्टिक घालून टोपी आवळली.

स्पर्धेत बक्षीस कुणाला मिळालं? भाड्याने आणलेल्या, चकचकीत राजपुत्राला. मारिओचा एक पट्टा वर होता, एक खाली. परीक्षकांत मीही होतो आणि मीही राजपुत्रालाच जास्त गुण दिले. नंतर त्या मुलाने डंगरी आतून उलटी करून मला दाखवली. तीन ठिकाणी उसवून पुन्हा घातलेली टीप होती. हे स्टेजवर मला दिसलंच नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

काही पालक म्हणतील, “सर, अभ्यास सोडून मुलं कपडे शिवत बसणार का?” त्यांना मी ती टोपी दाखवीन. आणि मुलग्यांनी सुई धरायची नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या पँटा कोण शिवतं ते शिंप्याच्या दुकानात जाऊन बघावं.

यंदा स्पर्धेच्या नियमांत एक ओळ घाला, असा अर्ज मी दिला आहे: स्वतः शिवलेल्या पोशाखाला निम्मे गुण, आणि परीक्षकांनी पोशाख उलटा करून शिलाई पाहावी. अर्जावर अजून सही झालेली नाही. त्या मुलाने मात्र निळं कापड आणून धुवायला टाकलंय.