गोळी हातात दिली, माहिती कोण देणार?



मागच्या पावसाळ्यात वस्तीतली बैठक संपल्यावर एक बाई मागे रेंगाळली. पदरात दोन मुलं, चार घरची धुणीभांडी. माझ्याच सांगण्यावरून तिनं पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. "ताई, तुमच्या गोळीनं मला घरात बाटकी केलं," ती म्हणाली. पहिल्याच महिन्यात तिला मध्येच डाग पडू लागले. सासूनं देवाला, चुलीला हात लावू दिला नाही. नवऱ्यानं संशय घेतला. दुसरं पाकीट तिनं अर्ध्यावर टाकलं, आणि आता तिला दिवस गेले होते.

गर्भपात करायचा की नाही, हे तिनं ठरवलं. आम्ही सोबत केली. १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही, हेही तिला तेव्हाच कळलं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मी तिला गोळी रोज घ्यायची एवढं सांगितलं होतं. गोळीनं पाळीचं काय होतं, हे सांगितलं नव्हतं.

ते इथं सांगते. 'माला-एन' किंवा 'माला-डी'च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ गोळ्यांत संप्रेरकं असतात, उरलेल्या ७ लोहाच्या. संप्रेरकांमुळे बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. लोहाच्या गोळ्या सुरू असताना संप्रेरकं थांबतात, म्हणून रक्तस्राव होतो. तो नेहमीच्या पाळीपेक्षा बहुधा कमी असतो, पोटदुखीही कमी होते. 'रक्त आत साठतं' ही भीती खोटी आहे. अस्तर जाड झालंच नाही, तर साठणार काय? शरीराला सवय होईपर्यंत, पहिले तीनेक महिने, मध्येच डाग पडणं बऱ्याच जणींना होतं. गोळी चुकली तर जास्तच. एक चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या, तर गोळी पुन्हा सुरू करून सात दिवस निरोधही वापरावा.

२०१६ पासून सरकारी कार्यक्रमात आलेली 'छाया' वेगळी. तिच्यात संप्रेरकं नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तिच्यामुळे पाळी लांबू शकते. पंधरा दिवसांवर लांबली तर तपासणी करून घ्यावी. तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' इंजेक्शननं पाळी अनियमित होते, पुढे थांबूही शकते. आणि टोचलेलं औषध परत काढता येत नाही.

'सवय होईल' असं म्हणून प्रत्येक तक्रार उडवून लावणं हाही अन्यायच. डाग तीन महिन्यांनंतरही थांबले नाहीत, रक्तस्राव फार झाला, संबंधानंतर रक्त गेलं, तर तपासणी हवीच. छातीत किंवा पोटरीत जोराचं दुखणं, असह्य डोकेदुखी, अचानक अंधुक दिसणं – अशा वेळी माला गोळी थांबवून ताबडतोब दवाखाना गाठावा. रक्तदाब जास्त असलेल्या, तान्हं मूल अंगावर पिणाऱ्या, पस्तिशीनंतर तंबाखू-विडी ओढणाऱ्या बाईला ती देण्याआधी विचारपूस झालीच पाहिजे. क्षयाची औषधं चालू असतील तर तीही सांगावीत, कारण त्यातल्या काहींमुळे गोळीचा परिणाम कमी होतो.

आपल्या चळवळीनं ऐंशीच्या दशकात 'नेट-एन' इंजेक्शनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. तेव्हाचा आपला सवाल होता की, बाईला पूर्ण माहिती न देता तिची संमती कशी मिळाली? तोच सवाल आज मी स्वतःला विचारते आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं उलटली, तरी लक्ष्य मोजणाऱ्या यंत्रणेला पाकिटं किती वाटली हे ठाऊक असतं. कुणी का सोडली, हे विचारायची सवय नाही. ती सवय आपण लावून घेऊ.

येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटानं एक बैठक फक्त याच विषयावर घ्यावी. आशाताईंना बोलवा, पाकीट फोडून मध्ये ठेवा. सासवांनाही बसवा, कारण चुलीपासून दूर त्याच ठेवतात. पुरुषांशीही बोला, निरोध आणि नसबंदी त्यांच्यासाठीच आहे. आणि डाग पडला म्हणून बाई बाटत नाही, हे तर मोठ्यानं सांगा.

ती बाई आता बैठकीला पुढे बसते. नव्या मुलीला गोळी घ्यायची असली की तीच आधी विचारते, "तुला पाळीचं काय होईल ते सांगितलं का कुणी?"

हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.