रिफ्लेक्टर म्हणजे छत्री नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. सभासदांचं पत्र कुठूनही आलेलं असो, गेल्या दोन महिन्यांतली तक्रार एकच: मॉडेल घेऊन संरक्षित वास्तूत गेलो आणि दारातूनच परत आलो. एका सभासदाला ट्रायपॉड बाहेर ठेवायला लावला, ते एक वेळ समजू शकतं. पण दोन फुटी थर्माकोलचा तुकडाही आत नेऊ दिला नाही. नियम दाखवा म्हटलं तर ‘साहेबांना विचारा’. साहेब रविवारी नसतात, आणि हौशी माणसाला सवड मिळते ती रविवारीच.

नियम आम्ही काढून वाचला. प्राचीन स्मारकांबाबतच्या १९५९ च्या केंद्रीय नियमांत लेखी परवानगीशिवाय वापरायला मनाई असलेल्या वस्तूंची यादी आहे: कॅमेऱ्याचा स्टँड, स्टूल, खुर्ची, मोठी छत्री, चित्रफलक, इझल. कृत्रिम प्रकाशालाही मनाई आहे. अपवाद फक्त एक्स्पोजरशी जुळवलेल्या फ्लॅशचा. यादी वाचली की काळ लक्षात येतो. जड लाकडी स्टँडने फरशी खरवडली जाई, त्या दिवसांतली ही काळजी आहे आणि ती रास्तच होती. पण आज तिचा अर्थ असा होतो की डोळे दिपवणारा फ्लॅश चालतो आणि तळहाताएवढा एलईडी चालत नाही. थर्माकोल, पांढरं कापड किंवा घडीचा रिफ्लेक्टर यांचं त्या यादीत नावही नाही. तरी यादीच्या शेवटच्या ‘अशा प्रकारची साधनं’ या शब्दांत सगळं कोंबून पहारेकरी हात आडवा करतो. त्याच्यावर राग नको. त्याला कुणी नियम वाचून दाखवलेला नाही. राग यावा तो वरच्या खुर्च्यांवर. परवानगीच्या अर्जात तारीख आधी लिहावी लागते. जुलैत बेळगावात ऊन कधी पडेल हे कुणी आधी लिहून द्यायचं?

आमची मागणी साधी आहे. परवानगीशिवाय काय चालतं, याची पाटी प्रत्येक वास्तूच्या दारात मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लावा. बिगरव्यावसायिक छायाचित्रणाला रबरी पायांच्या स्टँडसह एका दिवसाची परवानगी जागेवरच द्या.

आता सभासदांना दोन शब्द. स्पर्धेसाठी आलेले पोर्ट्रेट प्रिंट आम्ही टेबलावर मांडून पाहिले. त्यांतला एकही दोष स्टँड नसल्यामुळे आलेला नाही. भर दुपारी मॉडेलला उघड्यावर उभं केल्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडल्या आहेत. ८५ मिमीची लेन्स एफ १.८ वर उघडून सव्वा मीटरवरून फोटो घेतला, तर फुल फ्रेमवर जेमतेम दोन सेंटिमीटर खोली शार्प मिळते. चेहरा थोडा वळला की लांबचा डोळा गेलाच. एफ ४ वर या, फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा. मॉडेल भिंतीपासून लांब असलं तर पार्श्वभूमी तिथेही विरघळते. सावळ्या चेहऱ्याला मीटर हमखास जास्त एक्स्पोजर देतो. पाऊण ते एक स्टॉप कमी करा. आणि एडिटिंगमध्ये कातडी उजळ करणं बंद करा! निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बाईच्या गालावरची रेघ न् रेघ पुसून टाकायची असेल, तर तिला कॅमेऱ्यासमोर बसवायचंच कशाला?

त्याहून मोठा दोष असा की वीसजण एकाच मॉडेलभोवती उभे राहतात, ‘इकडे बघ, तिकडे बघ’ ओरडतात आणि तिचं नावही न विचारता घरी जातात. याउलट इथलंच एक जुनं उदाहरण पाहा. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात हरिपद मित्र यांच्याकडे राहिले होते. फोटोला ते तयार होईनात. यजमानांनी आग्रह सोडला नाही, तेव्हा कुठे एस. महादेव अँड सन या इथल्या स्टुडिओने त्यांचा फोटो काढला. आजच्या मानाने प्लेट संथ, लेन्स मंद, साधनं तुटपुंजी. पण समोरच्या माणसाला राजी करण्याचं काम आधी झालं होतं. तेच काम आपण टाळतो. पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहू द्या. काढलेली फ्रेम मॉडेलला दाखवा, तिला नको असेल ती तिच्यासमोर डिलीट करा, आणि प्रिंट कबूल केला असेल तर पोचवा.

कौलारू घराची पडवी किंवा उत्तरेची खिडकी आपल्याकडे घरोघर आहे, आणि तिथे कुणाची परवानगी लागत नाही. खिडकीपासून एक मीटरवर मॉडेल, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर, मागे काळं घोंगडं. चादर पुढेमागे सरकवत सावली किती भरते ते पाहत राहा. एका माणसाच्या, एका खिडकीतल्या, रिटच न केलेल्या पाच फ्रेम सलग क्रमाने आमच्याकडे पाठवा. निवडक फ्रेम टिपणांसह छापू. ज्यांचे परवानगीचे अर्ज नाकारले गेले किंवा उत्तराविना पडून आहेत, त्यांनी त्यांच्या प्रतीही सोबत जोडाव्यात. आमच्या मागणीच्या निवेदनाला कागद लागतात, आणि आजवर आमच्याकडे फक्त तक्रारीच आल्या आहेत.