लंगडणारा घोडा आणि लंगडणारा हमाल

१८३१ साली बूले या फ्रेंच पशुवैद्याने एका घोड्याची हकीकत नोंदविली. थोडे धावताच तो लंगडू लागे आणि विसावा मिळताच पूर्ववत होई. पायाकडे रक्त नेणारी रोहिणी तुंबलेली होती. माणसातले हेच दुखणे शार्को यांनी वर्णिले ते १८५८ साली. घोडा लंगडला की मालकाची गाडी अडते. हमालाच्या जागी दुसरा हमाल मिळतो. आपल्याकडे आजही हाच हिशेब चालतो.

हा रोग पावलापावलाने येतो. रोहिणीच्या आतल्या अस्तरात मेदाचे थर साचत असतात आणि पुष्कळ काळ काहीच जाणवत नाही. मग चालताना पोटरीत गोळा येतो, क्षणभर उभे राहिले की जातो. कष्टकरी माणूस त्याला थकवा म्हणतो, नाहीतर वय. पुढे रात्री अंथरुणात पाऊल ठणकू लागते. रुग्ण पाय खाटेखाली सोडून बसतो, कारण त्या उतारानेच थोडे रक्त खाली पोचते. शेवटी न भरणारी जखम आणि काळे पडलेले बोट. फाँतेन यांनी १९५४ साली अशाच चार पायऱ्या मांडल्या. अर्थात प्रत्येकजण त्या क्रमाने जात नाही. अनेकांचे दुखणे पोटरीपाशीच वर्षानुवर्षे थांबते. उलट मधुमेहाने ज्याचे तळवे बधिर झाले आहेत, तो कसलाही इशारा न मिळता एकदम जखमेपाशी पोचतो.

सरकारी विमा योजनांची थैली मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर उघडते, म्हणजे बहुधा शेवटच्या पायरीवर. वास्तविक घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला तर रोग ओळखता येतो. त्यासाठी रक्तदाबाचा पट्टा व हातात मावणारे डॉप्लर यंत्र पुरते. औषधे, तंबाखूत्याग आणि दुखेपर्यंत चालून, थांबून, पुन्हा चालण्याचा नियमित व्यायाम यांनी पुष्कळ साधते. मात्र विडी पेटविल्याशिवाय ज्याला कामावर घटकाभर टेकू देत नाहीत, त्याला नुसता उपदेश करून भागत नाही.

आपले साथी वस्त्यांतून आरोग्य शिबिरे भरवितात. तेथे साखर आणि रक्तदाब मोजला जातो. त्याच वेळी वहाणा काढावयास लावून दोन्ही पावलांच्या नाड्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात, आणि प्रत्येकाला विचारावे: न थांबता कुठवर चालता येते? गेल्या वर्षी कुठवर येत होते?