डिझाइनचीही खतावणी हवी

व्यापारी घरात हिशेबाचा कागद सहसा हरवत नाही. रोजमेळ त्या त्या दिवशी लिहिला जातो, त्यावरून खतावणी होते आणि वर्ष संपले की वह्या कपाटात ओळीने लागतात. दहा वर्षांपूर्वीच्या येण्याची चौकशी केली तरी पान सापडते. त्याच पेढीला दुकानाच्या पाटीचे किंवा मसाल्याच्या पाकिटाचे मूळ डिझाइन मागावे, तर उत्तर येते, "छापखान्यात असेल," नाहीतर, "पुतण्याच्या मोबाइलमध्ये पाहावे लागेल." ज्या चिन्हावरून गिऱ्हाईक आपल्याला ओळखते, ते चिन्ह मात्र आपल्या ताब्यात नसते.

ही उणीव आपल्या जिल्ह्यात नामांतराच्या निमित्ताने ठळकपणे दिसते. ३१ मे २०२३ रोजी चौंडी येथे अहिल्यानगर या नावाची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अधिकृत झाले. नाव बदलले की एका दुकानाचे किती कागद बदलतात, ते मोजून पाहावे : पाटी, बिलबुक, पत्रशीर्ष, पिशव्या, खोके, पाकिटांवरील पत्ता, भेटकार्ड, इन्स्टाग्रामवरील चित्रे. ज्यांच्याकडे मूळ फाइली आहेत, त्यांना एक शब्द बदलून पुन्हा छपाईला देता येते. ज्यांच्याकडे फक्त छापील नमुना किंवा मोबाइलवरील फोटो आहे, त्यांना सारे काम नव्याने रेखाटून घ्यावे लागते. मग अक्षराचे वळण थोडे निराळे येते, रंगाची छटा हलते आणि एकाच पेढीच्या तीन पिशव्यांवर तीन चिन्हे दिसू लागतात.

बदलाचे असे प्रसंग वारंवार येतात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि बिलांवर पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे दर बदलले आणि अनेक वस्तूंच्या किमती पुन्हा छापाव्या लागल्या. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो. जुन्या फाइलीवरून चुकून छपाई झाली आणि त्यातला एक अंक चुकीचा राहिला, तर दहा हजार पाकिटे रद्दीत जातात.

आता दुकानाचे डिझाइन एका माणसाचे काम राहिलेले नाही. चिन्ह बाहेरचा कलाकार काढतो, पाकीट छापखाना छापतो, फलक फ्लेक्सवाला करतो, समाजमाध्यमांवरील चित्रे घरातील सून किंवा मुलगी पाहते आणि किमतीचा मजकूर काउंटरवरून जातो. प्रत्येकाकडे आपापली प्रत असते आणि प्रत्येक प्रतीचे नाव 'फायनल' असते. मागाहून 'फायनल नवीन' येते, त्यानंतर 'फायनल नवीन दोन'. खरी कोणती, हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही.

आपल्या ज्ञानभांडारांतील हस्तलिखितांकडे या दृष्टीने पाहावे. ग्रंथाच्या शेवटी पुष्पिका असते. प्रत कोणी लिहिली, कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणासाठी, हे लेखनिक तिथे नोंदवतो. पुष्कळदा 'ग्रंथाग्र' म्हणून बत्तीस अक्षरांच्या मापाने ग्रंथाचे परिमाणही दिलेले असते. त्यावरून मजकूर गळला आहे का, हे ताडून पाहता येते. शेकडो वर्षांनी भांडाराची सूची करणाऱ्या विद्वानांना या दोन ओळींचा मोठा आधार मिळाला. फाइलीचे नाव ही आजची पुष्पिका आहे.

ते नाव असे असावे : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर वस्तूचे नाव, माप आणि आवृत्तीचा क्रमांक. वर्ष पुढे लिहिल्याने संगणकाच्या यादीत फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. 'फायनल' हा शब्द घरातून हद्दपार करावा. आवृत्ती एक, दोन, तीन असेच लिहावे. छपाईला प्रत्यक्ष कोणती आवृत्ती गेली, त्याची तारीख व नगसंख्येसह एका वहीत नोंद करावी. हाच डिझाइनचा रोजमेळ.

खतावणी म्हणजे कप्पे. प्रत्येक वस्तूच्या फोल्डरमध्ये चार कप्पे पुरतात : मूळ, छपाईसाठी, मोबाइलसाठी आणि बाद. 'मूळ' कप्प्यात अशी फाइल हवी की जिच्यातील अक्षर बदलता येते. कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे 'कर्व्ह' करून दिलेली फाइल छापायला सोयीची असली, तरी तिच्यातील मजकूर पुन्हा टाइप करून दुरुस्त करता येत नाही. म्हणून दोन्ही मागून घ्याव्यात. मराठी कामात आणखी एक अडचण असते. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेले काम, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक खुणांसारखे उघडते. त्यामुळे वापरलेले फाँट व चित्रे फाइलीसोबतच हवीत. इनडिझाइनमध्ये त्यासाठी 'पॅकेज' आणि कोरलड्रॉमध्ये 'कलेक्ट फॉर आउटपुट' ही सोय आहे. काम देतानाच तसे सांगून ठेवावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने लहान होते. मोबाइलवर ते चांगले दिसते, पण दहा फुटी फलकावर फाटते. छपाईची फाइल नेहमी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. साठवणुकीसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. दुकानातील संगणक, घरातील हार्ड डिस्क आणि गूगल ड्राइव्हसारखी जागा, एवढ्यात हे साधते. मात्र ड्राइव्हचे खाते पेढीच्या नावाचे असावे. नोकर किंवा कलाकार सोडून गेला, की त्याच्या खात्यातील फाइलीही त्याच्याबरोबर जातात.

मालकीचा प्रश्नही येथेच येतो. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे, पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, पेढीकडे असते. बाहेरच्या कलाकाराकडून चिन्ह करून घेतले, तर केवळ पैसे दिले म्हणून हक्क आपल्याकडे आला असे गृहीत धरू नये. हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी लागते. त्या लेखात मुदत नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. तेव्हा एक साधा करारकागद, त्यात मूळ फाइल देण्याची अट, आणि कलाकाराला पुरा व वेळेवर मोबदला, या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्यात. कलाकाराचा हक्क बुडवून मिळवलेली फाइल आपल्या व्यवहारात शोभत नाही.

या साऱ्याला फार खर्च नाही. एक जबाबदार माणूस मात्र नेमावा लागतो. घरातील शिकलेल्या मुलीकडे किंवा सुनेकडे हे काम अधिकारासह सोपवावे : तिच्या नोंदीशिवाय कोणतेही डिझाइन छपाईला जाणार नाही. भावाभावांची दुकाने वेगळी होतात, तेव्हा माल व येणी वाटली जातात आणि चिन्हावरून मात्र वाद राहतो. चिन्ह कोणाचे, त्याची मूळ प्रत कुठे आहे, हे आधीच लिहिलेले असेल, तर ती कटुता टळते.

दिवाळीत वहीपूजन होते, जुन्या वह्या बंद होऊन नव्या उघडतात. त्याच दिवशी डिझाइनचे फोल्डरही उघडून पाहावे. बाद झालेले बाजूला काढावे, पत्ता व क्रमांक तपासावेत, तिन्ही प्रती जुळतात का ते पाहावे. तासाभराचे काम आहे, आणि पुढच्या वर्षी छपाईच्या आदल्या रात्री होणारी धावपळ त्याने वाचेल.