चर्चचा निर्णय आणि कायद्याचा निकाल

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कॅथलिक कुटुंबे थोडी आहेत. लॅटिन परंपरेच्या कुटुंबांचा धर्मप्रांत वेगळा आहे, तर केरळातून आलेल्या सिरो-मलबार कुटुंबांसाठी हा भाग 1988 मध्ये धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या कल्याण महाधर्मप्रांतात मोडतो. संसार मोडला की या माणसांना चर्चकडेही जावे लागते आणि न्यायालयाकडेही. दोघांचा फरक त्यांना कोणी वेळेवर सांगितला नाही, तर पुढचे सगळे आयुष्य अडचणीत येते.

कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा विधिवत आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह कोणतीही मानवी सत्ता मोडू शकत नाही. 1983 च्या चर्चसंहितेचे कलम 1141 हेच सांगते. म्हणून चर्च घटस्फोट देत नाही. वेदीपुढे दिलेली संमती त्या दिवशी खरी होती का, एवढेच ते तपासते. धाकाने घेतलेली संमती, महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवलेली संमती किंवा विवाहाची जबाबदारी पेलण्याची मानसिक क्षमताच नसणे, अशा कारणांनी विवाह मुळातच झाला नव्हता असे चर्चचे न्यायाधिकरण जाहीर करते. दहा वर्षांच्या संसारानंतर असे म्हणणे म्हणजे नाव बदललेला घटस्फोटच, असा आक्षेप घेतला जातो. तो वजनदार आहे, पण टिकत नाही. लग्नानंतर जडलेली दारू किंवा सुरू झालेली मारहाण हे चर्चच्या लेखी स्वतंत्र कारण होत नाही. लग्नाच्या दिवशीची स्थिती उलगडणारा पुरावा म्हणूनच त्याचा विचार होतो. विवाह वैध होता अशी बाजू मांडणारा विवाहबंधरक्षक 1741 पासून प्रत्येक प्रकरणात असतो. आणि विवाह शून्य ठरला तरी मुले अनौरस ठरत नाहीत.

मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला मात्र लग्नाच्या दिवसाचा नव्हे, आजचा न्याय हवा असतो. तो घटस्फोटाच्या कायद्याने द्यायचा, आणि त्या कायद्यानेच तिला दीर्घकाळ ताटकळत ठेवले. 1869 च्या कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. पत्नीला बहुतेक वेळा व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही दाखवावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये हा अन्याय दूर केला. संसदेने कायदा सुधारला तो 2001 मध्ये, म्हणजे तब्बल 132 वर्षांनी. परस्परसंमतीचा घटस्फोटही ख्रिस्ती दांपत्यांना तेव्हाच मिळाला.

चर्चच्या निर्णयालाच कायदेशीर मान्यता दिली तर दुहेरी खेटे वाचतील, अशी मागणी होत आली आहे. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या 1946 च्या हुकुमाने तशी सोय केलीही होती. पण उर्वरित देशासाठी सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले, की चर्चने विवाह शून्य ठरवला तरी कायद्याच्या नजरेत तो टिकून राहतो आणि त्यानंतरचा दुसरा विवाह अवैध ठरतो. 2017 मध्ये याच मागणीची जनहित याचिकाही त्या न्यायालयाने फेटाळली. ते योग्यच झाले. पोटगी आणि मुलांचा ताबा हे नागरिकाचे प्रश्न आहेत, आणि त्यांचा निवाडा धर्मसत्तेकडे सोपवला की एका धर्माला दिलेली सवलत दुसऱ्याला नाकारता येत नाही.

तरीही दुहेरी खेट्यांचा त्रास खराच आहे. मुरबाडच्या बाईला कल्याण-ठाण्याच्या न्यायालयाची प्रत्येक तारीख म्हणजे बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे. पण हा भार कमी करता येतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. चर्चच्या बाजूने पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये दुसऱ्या न्यायाधिकरणाच्या दुजोऱ्याची सक्ती काढून टाकली आणि प्रक्रिया शक्य तेवढी विनामूल्य व्हावी असे सुचवले. अमेरिकेतील धर्मप्रांतांत आधी दिवाणी घटस्फोटाचा हुकूमनामा मागण्याचा प्रघात आहे. तोच क्रम येथे नेटाने पाळावा. अर्जासाठी कोणी येताच फादरांनी मराठीत लिहून द्यावे, की या निर्णयाने कायद्याचे लग्न सुटत नाही आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याविना दुसरे लग्न केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तालुका विधी सेवा समितीचा पत्ताही त्याच कागदावर असावा.