लाट पाहिजे? आधी पाणी मोजा

येळवशीच्या, गाणगापूरच्या, जुन्या वाड्यांच्या आठवणी आपण इथं नेहमी वाचतो. आजचा विषय नवा आहे, पण आपल्याच पाण्याचा आहे. पोस्ट मोठी झालीय, सवडीनं वाचा.

सध्या घरातल्या पोरांच्या मोबाइलवर एक प्रकार फार दिसतो. मोटरबोट संथ चाललेली, तिच्या मागं कमरेएवढी लाट उठलेली आणि त्या लाटेवर फळी घेऊन उभा माणूस. हातात दोरी नाही, तरी तो बोटीच्या मागं मागं येतोय. याला वेकसर्फिंग म्हणतात. मग प्रश्न येतो, "काका, आपल्या कारंजाच्या धरणावर हे का नको? एक बोट आणली की झालं!"

माझं मत आधीच सांगतो. खेळाला माझा विरोध नाही. "बोट आणली की झालं" या बोलण्याला आहे. ही लाट बोटीबरोबर विकत मिळत नाही, ती तयार करावी लागते. ते समजून न घेता कुणी आपल्या धरणात जुगाड केला, तर त्याची किंमत भलताच माणूस मोजणार.

माझा पुतण्या मिनेसोटात स्थायिक आहे. तिथं जिकडं बघाल तिकडं तळी. त्याच्या शेजाऱ्याकडं अशी बोट आहे. आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा मी खेळ कमी आणि बोटीची मांडणी जास्त बघितली. मूळचा भालकीकडचा माणूस, लहानपणी बैलगाडी भरताना बघितलेली. त्यामुळं गोष्ट लवकर ध्यानात आली.

बोट जोरात पळाली की पाण्यावर उचलली जाते आणि मागची लाट लहान होते. अगदी हळू गेली तरी लहानच. मधल्या वेगात, ताशी साधारण १६ ते १९ किलोमीटरला, ती नाक वर करून शेपटीनं पाणी ढकलत राहते. मोठी लाट तिथं मिळते. त्यावर अजून वजन घालायचं. बोटीत टाक्या किंवा जाड पिशव्या असतात, त्यात पंपानं तळ्याचंच पाणी भरतात. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. नव्या बोटींत हे पाणीच हजार किलोच्या वर जातं.

खरी कला पुढं आहे, वजन ठेवायचं कुठं. मागं जास्त ठेवलं तर लाट उंच आणि उभी होते, पण आखूड राहते. थोडं पुढं सरकवलं की ती लांबते, फळीला धावायला जागा मिळते. गाडी उलाळ होऊ नये म्हणून आपण पोती पुढं सरकवतो ना, तसंच. जुन्या बोटींत ज्या बाजूला खेळायचं त्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात जास्त वजन टाकून बोट मुद्दाम कलती करतात. डावा पाय पुढं ठेवणारा बहुधा डाव्या बाजूच्या लाटेवर खेळतो, उजवा पाय पुढं ठेवणारा उजव्या. २०१२ च्या सुमारास मालिबू कंपनीनं 'सर्फ गेट' आणलं. बोटीच्या दोन्ही अंगांनी आलेलं पाणी मागं एकमेकांवर आदळून खळबळ होते. एका अंगाचं पाणी झडपेनं थोडं उशिरा आणलं की दुसऱ्या अंगाची लाट स्वच्छ, गुळगुळीत राहते. मग बोट कलती करायची फारशी गरज पडत नाही.

तो शेजारी एका वेळी एकच गोष्ट बदलायचा. वजन हलवलं तर वेग तोच ठेवायचा, वेग बदलला तर वजन तेच. मग मागं वळून लाट बघायची. कधी नुसतं एका माणसाला "तुम्ही जरा पुढं बसा" म्हटलं तरी लाट सुधारायची.

हे बघताना मला गाणगापूरचा संगम आठवला. भीमा-अमरजेच्या पाण्यात हरिगोलात बसवताना नावाडी आम्हा पोरांवर ओरडायचा, "मधी बसा, एका अंगाला जाऊ नका!" त्याला पाणी कळत होतं आणि या शेजाऱ्यालाही कळतं. एकाला पाणी शांत ठेवायचं होतं, दुसऱ्याला उठवायचं. वजनाची अक्कल मात्र दोघांना लागतेच.

आता आपल्याकडच्या जुगाडाची भीती सांगतो. आपल्याकडं बहुतेक बोटींना मागं लटकवलेलं इंजिन असतं. तिचं पातं बोटीच्या पाठीमागं फिरतं आणि वेकसर्फिंगचा माणूस बोटीपासून दोन-तीन मीटरवर असतो. पडला तर थेट पात्याच्या वाटेत. म्हणून या खेळाची बोट वेगळी असते, तिचं पातं बुडाखाली, बरंच आत असतं. साध्या बोटीच्या एका कोपऱ्यात पाण्याचे ड्रम रचून मागं पोरगं उभं करणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसरं, बोटीवर किती भार चालतो ते लिहिलेलं असतं. भरलेलं पाणी त्या भारातच धरायचं. आणि बोटीच्या मागच्या काठावर कुणी बसायचं नाही, इंजिनाच्या धुरातला विषारी वायू तिथंच साचतो. त्याला वास नसतो.

हे झालं खेळणाऱ्याचं. पण लाट बोटीच्या मागं थांबत नाही, ती काठापर्यंत जाते. लाट दुप्पट उंच झाली की तिच्यातली ताकद चौपट होते. मिनेसोटा विद्यापीठानं २०२२ मध्ये यावर मोजमापासह अहवाल दिला. अशा बोटी काठापासून ५०० फुटांपेक्षा, म्हणजे साधारण १५० मीटरपेक्षा लांब ठेवाव्यात, असा त्याचा निष्कर्ष. व्हरमाँट राज्यानं २०२४ पासून नियमच केला: काठापासून ५०० फूट लांब आणि पाणी किमान २० फूट खोल. एवढी मोठी तळी असलेल्या लोकांना ही रेघ आखावी लागली.

कारंजाचं धरण डोळ्यांसमोर आणा. दोन्ही काठांपासून दीडशे मीटर सोडायचे म्हणजे पाणी तीनशे मीटरपेक्षा रुंदच पाहिजे, वर बोट वळवायला जागा. पावसाळ्यानंतर मधोमध मिळेल. पण एप्रिल-मेमध्ये पाणी मागं सरकतं, काठावर गाळपेर उघडी पडते, बुडालेले बांध आणि खोडं वर येतात. त्याच पाण्यात आपला मासेमार थर्मोकोलच्या तराफ्यावर नाहीतर हवेच्या ट्यूबवर बसून जाळं लावतो. त्याच्यासाठी कमरेएवढी लाट म्हणजे मौज नव्हे. आणि हेच पाणी बिदरला, भालकीला प्यायला जातं. तळाचा गाळ ढवळला तर तो आपल्याच घागरीत येणार.

२१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या अपघाताचा या खेळाशी काही संबंध नाही. पण माणसांनी भरलेली छोटी बोट लाटेपुढं किती टिकते, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. उजनीची तीच भीमा पुढं आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात येते. तिच्यावर आजही लोक गरजेपोटी होडीत बसतात.

म्हणून माझं म्हणणं असं. कुणी उद्योजक किंवा पर्यटन खातं हा खेळ आणायला निघालं, तर स्वागत करू. आपली पोरं पाण्याला घाबरत मोठी झाली, ती पोहायला शिकतील, चार जणांना काम मिळेल. पण आधी त्या महिन्याची खोली मोजा. पाण्यात तरंगते बोये लावून हद्द दाखवा. मासेमारांना विचारून वेळ ठरवा, पहाटे आणि तिन्हीसांजेला बोट बंद. जॅकेटशिवाय कुणी पाण्यात नाही. बुडाखाली पातं नसलेल्या बोटीला परवानगीच नको. एवढं जमत नसेल तर साधी वल्ह्याची होडी पुरे आहे, तिच्यातही मजा कमी नाही.

परदेशात आणि पुण्या-हैदराबादला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना एक विनंती. तिथली लाट पोरांना दाखवता, तशी तिथली हद्दीची रेघही दाखवा. आणि ज्यांचे घरचे, नातेवाईक कारंजा, बेण्णेतोरा किंवा भीमेच्या काठी आहेत, त्यांनी कमेंटमध्ये लिहा: तुमच्या बाजूला मे महिन्यात पाणी किती खोल उरतं, आणि होड्या कुठून कुठं जातात? अशी माहिती एका जागी जमली, तर उद्या कुणी बोट घेऊन आला की त्याच्यापुढं ठेवता येईल.