फवारणीची तारीख पतंगाला ठरवू द्या

पिंपळगाव बसवंत, गिरणारे, दिंडोरी या पट्ट्यात खरिपाच्या टोमॅटोची लागवड होते, तेव्हा फवारणीचे शेड्यूल बहुधा आधीच ठरलेले असते. 'अळी दिसेपर्यंत उशीर होतो, म्हणून आधीच मारलेले बरे' हे त्यामागचे समर्थन. यातला पहिला भाग खरा आहे. फळ पोखरणारी अळी तीन-चार दिवसांत अंड्यातून निघते, थोडा काळ पाने खरवडते आणि फळात शिरते. 2014 साली महाराष्ट्रात आढळलेली, मूळची दक्षिण अमेरिकेतली टुटा ही नागअळी तर पानाच्या पापुद्र्यांआडच पोसते. म्हणजे औषध लागू पडायचे दिवस मोजकेच, आणि नेमके तेच लागवडीपासून दिवस मोजून सापडत नाहीत. पावसाची उघडीप, उष्मा, शेजारचे पीक यांवर पतंगांची झुंड मागेपुढे होते. आधी मारलेल्या औषधाचा असर ती येईपर्यंत ओसरलेला असतो. मरतात ते मित्रकीटक.

ही झुंड कधी आली, हे मादीच्या गंधाने नरांना ओढणारा कामगंध सापळा सांगतो. त्यावर मोठा आक्षेप असा, की त्यात फक्त नर अडकतात, अंडी घालणारी मादी मोकळीच राहते. खरे आहे, पण एकरी पाच सापळे लावायचे ते कीड संपवायला नव्हेत, तिची चाहूल घ्यायला. नर वाढले की मिलन आणि अंडी पाठोपाठ आलीच. सलग दोन-तीन दिवस दर सापळ्यात 8 ते 10 पतंग भरले, की शेंड्याकडची पाने उलटून अंडी शोधावीत आणि मगच पंप उचलावा. मोजणीही नीट हवी. फळ पोखरणाऱ्या अळीचा, फिकट तपकिरी, पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा काळसर ठिपका असलेला पतंग तेवढा मोजायचा. पिशवीत पडलेले भलतेसलते किडे धरले तर आकडा फसवतो. सापळ्यातली गंधाची ल्यूर वेळेवर बदलायची, तीही तंबाखूचा किंवा औषधाचा वास लागलेल्या हाताने नव्हे. 'सापळे लावले, फरक पडला नाही' अशा तक्रारीमागे पुष्कळदा हीच हयगय असते.

भाव चढे असताना कॅरेटमागे दोन फळेही किडकी नकोत, म्हणून जास्तीची फवारणी म्हणजे विमाच, असे म्हणतात. हा विमा पुढच्या हंगामाचे संरक्षण खाऊन टाकतो, कारण वारंवार मारलेल्या औषधाला कीड सरावते. कोबीवरचा चौकोनी ठिपक्याचा पतंग 1953 सालीच जावा बेटावर डीडीटीला दाद देईनासा झाला होता; त्यानंतर एकामागून एक औषधे त्याने निकामी केली.

शेजाऱ्याच्या प्लॉटमधून पतंग येतात, मग एकट्याने मोजून काय होणार, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्याचे उत्तर गावपातळीवरच मिळेल. 2008 साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी थैमान घातले, त्यानंतर राज्याने क्रॉपसॅप या प्रकल्पातून शेतोशेत कीड सर्वेक्षण उभे केले. तशीच शिस्त भाजीपाल्यात रुजवावी. शिवारातल्या ठरावीक सापळ्यांचा आकडा हंगामभर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, आणि कृषी सेवा केंद्रात औषध मागताना शेतकऱ्याने आधी तो आकडा सांगावा.